झाकणाखालचं पाणी

विहिरीवर झाकण बसलं त्या दिवशी अण्णांना जेवण गेलं नाही, इतका त्यांना आनंद झाला होता.

झाकण लोखंडी पत्र्याचं होतं. दोन फाळके, मधोमध कोयंडा, कोयंड्याला कुलूप. किल्ली अण्णांच्या गळ्यात, दोऱ्यात ओवून, बंडीच्या आत. विहीर होती दोन घरांच्या मधोमध, पण वाटणीत अण्णांकडे आली होती. धाकट्या भावाच्या घरानंही तिथूनच पाणी भरायचं असं तोंडी ठरलं होतं. तोंडी ठरलेलं असल्यामुळे अण्णांनी ते तोंडानंच मोडलं. त्या साली उन्हाळा लवकर आला आणि बसला तो उठेचना. पाणी खाली गेलं. मग अण्णांना आठवलं, विहीर आपली आहे.

लोहार झाकण बसवायला आला तेव्हा काठावरच्या झाडाची एक फांदी आडवी येत होती. त्यानं ती तोडली, आणि ती पानांसकट सरळ विहिरीत गेली. लोहार म्हणाला, गळ टाकून काढून घेऊ. आता हा गळ, म्हणजे विहिरीत पडलेली बादली वर ओढायचा आकड्यांचा झुबका, तेवढा वाटणीत धाकट्याकडे गेला होता. तो मागायचा म्हणजे धाकट्याच्या दारात जायचं. ज्यांचं पाणी तोडायला निघालोय त्यांच्याच दारात पाणी साफ करायला गळ मागायचा, हे काही अण्णांना पटेना.

"राहू दे," ते म्हणाले. "पाला तळाला बसला की पाणी गार राहतं."

लोहारानं आजवर बरेच अडाणी बघितले होते. त्यानं कोयंडा ठोकायला घेतला.

झाकणाच्या कडेनं बोटभर फट राहत होती. बोटभर फटीतून दोर जातो आणि दोरामागून पाणी वर येतं, असा विचार करून अण्णा स्वतः उकिडवे बसले आणि गुडघे करकरत असताना त्यांनी सगळ्या फटीत गोणपाट ठासलं, वरून चिखल लिंपला. मोटरीच्या पाइपापुरतं भोक राहिलं, ते पाइपानंच भरलं. विहिरीला आता श्वास घ्यायचा तरी अण्णांना विचारावं लागणार होतं.

अण्णांची खाट घरातल्या सगळ्यात गार जागी होती. स्वयंपाकघराला लागून, खिडकीपाशी, शेजारी पिण्याच्या पाण्याचं पिंप. खिडकीतून रस्ता दिसायचा. धाकटा भाऊ दिवसभर वीटभट्टीवर असायचा. पाणी आणायची त्याची बायको. तिला सगळेजण काकू म्हणत. काकूचा एक गुडघा कामातून गेलेला. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक, आणि तो पाय बाहेरून गोल फिरवत, ओढत, ती पार लांबच्या सार्वजनिक नळावरून यायची. पाणी हिंदकळून पाठीवर सांडायचं, पोलकं चिकटायचं. अण्णा उशीला टेकून बघत असत. लोक दुपारी डुलकी काढतात, अण्णा हे बघत.

"आज उशीर झाला तिला," ते समाधानानं म्हणत.

वास आला तो असाच, कधीतरी. सूनबाईला पहिल्यांदा आला. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला. उकडलेलं अंडं उन्हात विसरावं तसा वास. तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, मला नाही येत. दुसऱ्या दिवशी त्यालाही आला, पण आदल्या दिवशी नाही म्हणून बसला होता, म्हणून तो गप्प राहिला. त्या घरात अशी रीतच होती की वास ज्यानं पहिल्यांदा सांगितला, तो त्याच्याच गळ्यात पडायचा.

अण्णांनी तो तिच्या गळ्यात बांधला.

"सूनबाई, वास पाण्याला नसतो. भरणाऱ्या हाताला असतो."

मग पिंप घासणं सुरू झालं. राख आणि काथ्या घेऊन ती अंगणात बसायची, पिंप आडवं करून, अर्धी त्यात शिरून. पिंप झालं की घागर, घागर झाली की तांब्या, पेले, ओगराळं. पाणी गाळायचं फडकं रोज उकळायचं. तिची नखं तुटली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. भाजीत मीठ टाकायला हात घातला की ती डोळे मिटून घ्यायची. आणि रोज सकाळी पाणी भरण्याआधी अण्णा तिला खाटेपाशी बोलवायचे.

"हात बघू."

ती दोन्ही हात पुढं करायची. अण्णा चष्मा लावायचे, हात नाकाशी घ्यायचे आणि हुंगायचे. वास घ्यायला चष्मा कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही.

"अजून येतो," असं म्हणून चष्मा काढायचे.

नवरा दारात उभा राहून चपलेचा अंगठा नीट करत असायचा. त्या उन्हाळ्यात त्यानं तो इतक्या वेळा नीट केला की अखेर तुटला.

पुढं ठरलं की पाण्याला तिनं हातच लावायचा नाही. तहान लागली की मागायचं. मग कुणीतरी वरून ओतायचं, तिनं ओंजळीनं प्यायचं. नवरा ओतायचा तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघायचा नाही, त्यामुळे अर्धं पाणी कोपरांवरून जायचं. अण्णा ओतायचे तेव्हा धार बारीक धरायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, पुरे की अजून? ती मान वर करू शकत नसे, बोलू शकत नसे, कारण तोंड ओंजळीत असायचं. ते मग पुरे असंच समजायचे.

पाणी आता मुलगा भरू लागला. वास तसाच. उलट चांगला मुरला. आता हा वास फिरत फिरत आपल्या गळ्यात येणार हे मुलाच्या लक्षात आलं आणि त्यानं लगेच मोटरवाल्याला बोलावलं. बायकोचे हात सोलवटत होते तेव्हा हे त्याला सुचलं नव्हतं, पण सुचायला काहीतरी निमित्त लागतंच.

मोटरचं पाणी पडायचं त्या टाकीत मोटरवाला उतरला. शेवाळ खरवडलं, हात हुंगला, तोंड वाकडं केलं. मग मोटर चालू करून पाइपातून थेट पेला भरला आणि तो घेऊन चालत रस्त्यापर्यंत गेला. तिथं उभं राहून वास घेतला. घरात घेतला तर मोरीचा, उष्ट्याचा, माणसांचा, कुणाचाही वास पाण्यावर जातो, असं त्याचं म्हणणं पडलं. परत आला.

"टाकी चांगलीये. वास खालूनच येतोय. झाकण उघडा."

"किल्ली सापडत नाही," अण्णा म्हणाले.

किल्ली बंडीखाली छातीच्या हाडावर पडली होती आणि अण्णांच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती. मोटरवाल्यानं ती हालचाल बघितली. पण त्याला अजून बऱ्याच घरी जायचं होतं, आणि प्रत्येक घरी अशी एखादी किल्ली असतेच. विहीर तुमची, नाकं तुमची, असं म्हणून त्यानं टाकीत पांढरी पावडर ओतली आणि गेला. त्यानं एवढा फरक पडला की पाण्याला आता दोन वास यायला लागले, एक कुजल्याचा आणि एक दवाखान्याचा.

मोटरवाल्याचं बोलणं अण्णांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दुपारी मुलगा शेतावर आणि सून आडवी झालेली बघून ते विहिरीपाशी गेले. चिखल उकरला, गोणपाट ओढलं, कुलूप काढलं आणि एक फाळका जेमतेम उचलून डोकं आत घातलं.

आतून जे वर आलं त्याला वास म्हणणं म्हणजे कमी सांगणं. ते डोळ्यांतच गेलं. अण्णांच्या नाकातोंडातून पाणी आलं. खाली फांदी होती. पानं काळी पडून चिकट झाली होती, पाण्यावर साय धरली होती आणि सायीतून अधूनमधून एक बुडबुडा वर येऊन फुटत होता.

अण्णांना कळलं. तसे ते हुशार होते. बारा महिने उघड्यावर वारं खाणारी, दोन घरांच्या बादल्यांनी ढवळली जाणारी विहीर त्यांनी पाल्यासकट कोंडून मारली होती. आता फांदी काढायला गळ हवा. गळ मागायला काकूच्या दारात जायला हवं. ती हंडा घेऊन मागोमाग येणार, आणि झाकण उघडलेलं बघून एक अक्षर न बोलता बादली सोडणार. काकूचं ते न बोलणं अण्णांना आत्ताच ऐकू यायला लागलं.

वास काय, सहन होतो. अण्णांनी फाळका खाली टाकला, गोणपाट ठासलं आणि तांब्यातलं पाणी शिंपडून चिखल पुन्हा लिंपला.

खाटेवर येऊन पडले तेव्हा सूनबाई जागी होती. तिनं त्यांच्या नखांतला ओला चिखल बघितला, धोतरावर गुडघ्याचे दोन गोल बघितले. मग ती जवळून गेली आणि तिला बंडीचा वास आला. विहिरीनं अण्णांच्या अंगावर आपली खूण ठेवली होती. तिनं पिंपाकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं आणि पुन्हा आडवी होऊन कुशीवर वळली. बऱ्याच दिवसांनी तिला चांगली झोप लागली.

रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "पाण्याला कमी झाल्यासारखा वाटतो, नाही? खाटेपाशी मात्र येतोच."

मुलाचा घास थांबला. तो उठला, खाटेपाशी गेला आणि बाजारात फळ पारखावं तसा बापाला हुंगू लागला. आधी उशी, मग खांदा, मग बंडी. बंडीपाशी थांबला. पुन्हा हुंगलं.

"अण्णा, हा तोच वास आहे."

अण्णांनी तोंड उघडलं. वास अंगाला लागला कारण मी विहिरीत डोकं घातलं. विहिरीत डोकं घातलं कारण किल्ली माझ्यापाशी आहे. किल्ली माझ्यापाशी आहे तर मग मोटरवाल्याला... अण्णांनी तोंड मिटलं.

"म्हातारपणी येतो," मुलगा बायकोला समजावून सांगू लागला. "आणि पिंप इथंच. पाणी वास धरतं." ती म्हणाली, असेल बाई, मला काय कळतंय.

सकाळी अण्णांना अंगणात दगडावर बसवलं. मुलानं पाइप लावला. पाणी त्याच विहिरीचं, पण हे लक्षात घ्यायची ती वेळ नव्हती. अण्णांचं अंग उघडं केल्यावर फारच लहान निघालं. मुलानं घासायला काहीतरी मागितलं, सूनबाईनं आतून काथ्या आणून दिला. तोच, पिंपाचा. मुलगा कामाला लागला की नीट करतो. मान, काखा, पाठ. पाठ लाल झाली, मणक्यावर सालटं निघालं. अण्णा दात आवळून रस्त्याकडे बघत होते, कारण काकूची यायची वेळ झाली होती. ती आलीच. तिनं हंडा सावरला, एकदा बघितलं आणि नजर खाली घालून निघून गेली. हसली असती तर बरं झालं असतं.

गळ्यातला दोरा घामानं काळा झाला होता. मुलानं तो डोक्यावरून ओढून काढला.

"किल्ली तर गळ्यातच होती, अण्णा. आता हेही विसरायला लागलात?"

अण्णांनी हात पुढं केला. साबण डोळ्यांत गेल्यामुळे तो दुसरीकडेच गेला.

"धुऊन देते की," म्हणून सूनबाईनं काठीच्या टोकावर बंडी आणि चिमटीत दोरा घेतला.

खाट गोठ्यात गेली. गाय विकल्यापासून गोठा रिकामाच होता. मुलगा काही वाईट नव्हता, त्यानं जमीन झाडली, गव्हाणीत अण्णांचे कपडे नीट लावून दिले. म्हणाला, वास गेला की परत आत आणू. पावसाच्या आत आणू. अण्णांनी ते धरून ठेवलं. गोठ्याला खिडकी नव्हती, दारही नव्हतं. समोर सरळ विहीर दिसायची.

मुलगा शेतावर गेला आणि दुपारी सूनबाई मागच्या वाटेनं काकूकडे गेली. काय बोलणं झालं ते अण्णांना ऐकू आलं नाही. येताना दोघी होत्या. काकूच्या हातात गळ होता.

खुरप्यानं चिखल निघाला. गोणपाट निघालं. फाळके दोन्हीकडे आपटले तेव्हा दोघींनी पदर नाकाला लावला आणि तरीही काकू बाजूला जाऊन ओकली. मग गळ खाली गेला. फांदी जड झाली होती. दोघी दोर धरून मागं मागं सरत होत्या, काकूचा दुखरा पाय मातीत रेघ ओढत होता. फांदी वर आली तेव्हा ती झाडाची वाटत नव्हती, काहीतरी मेलेलं वाटत होतं. ती त्यांनी मागच्या खड्ड्यात लोटली. मग बादल्या. काळं पाणी उपसायचं आणि झाडाच्या बुंध्याशी ओतायचं.

अण्णा खाटेवरून ओरडत होते. आवाज त्यांना वाटत होता तेवढा मोठा निघत नव्हता.

सूनबाई पदराला हात पुसत गोठ्यात आली.

"काय हवंय, अण्णा?"

"विहीर उघडली तुम्ही."

"कुणी?"

"मी बघतोय ना."

तिनं पदर खोचला. मग खाटेच्या कडेला टेकली.

"हात बघू," ती म्हणाली.

अण्णांनी का कुणास ठाऊक, हात पुढं केला. तिनं तो आपल्या चिरा पडलेल्या हातात धरला, नाकाशी नेला आणि सावकाश हुंगला.

"अजून येतो," म्हणून तिनं हात परत पांघरुणावर ठेवला, नीट, कुणाची वस्तू परत करावी तसा.

संध्याकाळी झाकण जागेवर होतं. कुलूप कोयंड्यात अडकवलेलं होतं, फक्त दाबलेलं नव्हतं. पुढं रोज दुपारी उपसा चालला आणि संध्याकाळी झाकण जागेवर. पाणी काळ्याचं गढूळ झालं, गढुळाचं स्वच्छ. मग काकू बादलीबरोबर हंडा आणू लागली.

घरात वास विरत गेला. एके दिवशी मुलानं तांब्याभर पाणी घटाघट पिऊन ओठ पुसले आणि जाहीर केलं की गेला. अण्णांना हलवलं आणि गेला. मोटरवाला रस्त्यात भेटला त्यालाही त्यानं हे सांगितलं. मोटरवाला म्हणाला, वय झालं की होतं असं. खिडकीपाशी अण्णांच्या जागी आता दुपारी सूनबाई पाय पसरून बसायची. काही करायची नाही. बाहेर बघायची.

मुलगा गोठ्यात जेवण घेऊन आला तेव्हा अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"विहीर..."

"विहिरीचं काय?"

काय सांगायचं ते सगळं अण्णांच्या तोंडाशी होतं. फांदी पडली, मी राहू दिली. श्वास मी कोंडला. मला कळलं होतं. कळल्यावरही मी सूनबाईचे हात हुंगले असते. एवढं सगळं बाहेर यायला तोंड फार लहान पडत होतं, आणि एकदा आलं की झाकण उघडं राहणार होतं, कायमचं, राजरोस.

"तुझी काकू पाणी चोरते," ते म्हणाले.

मुलगा उठून विहिरीपाशी गेला. झाकण बंद, कुलूप लोंबतंय. बायकोला विचारलं. ती म्हणाली, झाकण आहे, कुलूप आहे, अजून काय बघायचं? मुलगा परत आला आणि बापाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून गेला. आधी नाक गेलं, आता डोळे चालले, असं तो जाता जाता म्हणाला, तेही काळजीनंच.

ढग यायला लागले तशी मुलाला आपली बोली आठवली. एका सकाळी तो गोठ्याच्या तोंडाशी दोर वळत बसला होता. गोठ्यात पाणी ठिबकणार हे त्याला दिसत होतं. अण्णांना आत घ्यावं, असं तो बायकोला म्हणाला. ती म्हणाली, घ्या की, वास गेला असेल तर. तेवढ्यात काकू आली. हातात तांब्या, वर पेला पालथा. नळावरून येतच होते, ती म्हणाली, म्हटलं अण्णांना गार पाणी द्यावं.

मुलाला बरं वाटलं. त्याला ती परीक्षाच सुचली.

"घ्या अण्णा. बघा वास येतो का. आता येत नसेल तर गेलाच म्हणायचा, आजच खाट आत घेतो."

काकूनं पेला भरून पुढं केला. अण्णांनी तो धरला. घोट घ्यायच्या आधीच त्यांना कळलं. या विहिरीचं पाणी अण्णा झोपेतही ओळखत. थोडं गोड, शेवटी दगडाचा गारवा. नळाला असं पाणी या जन्मात येणार नव्हतं. त्यांनी घोट घेतला. इतकं चांगलं पाणी त्यांच्या विहिरीला बऱ्याच वर्षांत नव्हतं. घशाखाली उतरताना ते पार खोलपर्यंत कळत गेलं.

काकू बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सूनबाई तिच्या मागं उभी होती, तिच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. अण्णांनी फक्त मान हलवायची होती. खाट, खिडकी, पिंप, सगळं एका मानेवर होतं, पण मान हलवली की काकूच्या हातचं हे पाणी चांगलं आहे असं कबूल करावं लागणार होतं.

"येतो," अण्णा म्हणाले.

"काय?"

"वास. येतो."

मुलानं त्यांच्या हातातून पेला घेतला, हुंगला, उरलेलं पाणी पिऊन बघितलं. त्याला वास आला नाही, पण अण्णाच येतो म्हणतात म्हटल्यावर त्यानं दोर पुन्हा वळायला घेतला. जरा वेळानं तो बायकोला म्हणाला, छपरावर ताडपत्री टाकायला हवी, पाऊस येईल.

काकूनं तांब्यातलं पाणी गव्हाणीच्या कडेला ओतून दिलं. कोरड्या मातीनं ते लगेच पिऊन टाकलं. ती निघाली. पाय बाहेरून गोल फिरवत, ओढत. सवयीप्रमाणे अण्णा मान उचलून बघत राहिले. पण बघण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. आता तिला लांब जावं लागत नव्हतं.